माशाचं पांघरूण

ब्रेडचा चुरा लावून तव्यावर तळलेला मासा आपला म्हणायचा की साहेबाचा? आमच्या नातेवाइकांत सध्या हा वाद चालू आहे. निमित्त झालं माझ्या भाचीचं. ती इंग्लंडमध्ये असते. तिथे मिळणारा कॉड नावाचा पांढरा मासा हळद-तिखट लावून, अंड्यात बुडवून, ब्रेडक्रम्समध्ये घोळवून ती मुलांना करून घालते. आमचे एक दीर म्हणाले, "हे साहेबाचं जेवण झालं. आपला मासा रव्यातला." त्यावर धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, "रवा तरी आपला कशावरून? आमच्या माहेरी तांदळाचंच पीठ लावतात." मी काही बोलले नाही, कारण माझं उत्तर चार ओळींत मावणारं नव्हतं. आणि पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेल्या बाईला चार ओळींत उत्तर देता येतही नाही! म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. घरच्या मंडळींनी वाचावं, आणि इतरांनीही.

सुरुवात जरा लांबून करते. थोडीथोडकी नाही, नऊशे वर्षं मागे जाऊ.

मराठी घेऊन बी. ए. केलेल्या आमच्या पिढीतल्या प्रत्येकाला 'मानसोल्लास' हे नाव माहीत असतं. 'अभिलषितार्थचिंतामणि' हे त्याचंच दुसरं नाव. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने हा संस्कृत ग्रंथ ११२९च्या सुमारास रचला. परीक्षेपुरतं आम्हाला त्यातलं एवढंच ठाऊक होतं की महाराष्ट्रातल्या बायका कांडण करताना ओवी गातात, असा उल्लेख या ग्रंथात आहे, आणि ओवीचं जुनेपण सांगायला तो दाखला द्यायचा. दोन मार्कांचा प्रश्न. उत्तर लिहिलं, पुढे गेलो.

त्या ग्रंथात आणखी काय आहे, हे निवृत्तीनंतर निवांतपणे बघितलं तेव्हा थक्क झाले. वीस-वीस अध्यायांच्या पाच विंशती, म्हणजे एकूण शंभर अध्याय. राज्यकारभार, हत्ती-घोडे, रत्नं, चित्रकला, संगीत, खेळ, आणि अर्थातच जेवण. तिसऱ्या विंशतीत 'अन्नभोग' आहे. चौथीत 'मत्स्यविनोद' आहे, म्हणजे गळ टाकून मासे धरण्याची करमणूक. समुद्रातले आणि गोड्या पाण्यातले मिळून सुमारे पस्तीस जातींचे मासे त्यात आले आहेत. कोणत्या माशाला कोणतं आमिष लावावं, हेसुद्धा राजाने लिहून ठेवलं आहे! बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी हा ग्रंथ संपादित केला. पहिला खंड १९२५ साली, दुसरा १९३९ साली आणि तिसरा १९६१ साली निघाला.

आता मुद्द्याची गोष्ट. अन्नभोगात माशाची एक कृती आहे. मासा चिरून तुकडे स्वच्छ धुवायचे. चिंचेच्या कोळात शिजवायचे. मग त्यांवर गव्हाचं पीठ चांगलं भुरभुरून तापलेल्या तेलात तांबूस होईपर्यंत तळायचे. वरून सैंधव, वेलदोड्याची पूड आणि मिरपूड. गरमागरम वाढायचे.

वाचून मला पहिल्यांदा हसूच आलं. ही तर आपल्या घरातली कृती! वेलदोडे काढा, लाल तिखट घाला, गव्हाच्या पिठाच्या जागी रवा घ्या, की रविवारचा बेत तयार. आणि ही कृती कुठल्या परमुलखातली नव्हे. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण. उमरग्याच्या पुढे सीमा ओलांडली की बिदर जिल्ह्यात ते लागतं. आपल्या कोल्हापूरचे शिलाहार राजे याच चालुक्यांचे मांडलिक होते. सोमेश्वराच्या वडिलांनी, सहाव्या विक्रमादित्याने, कऱ्हाडची शिलाहार राजकन्या चंद्रलेखा हिच्याशी लग्न केलं होतं. म्हणजे तशी सोयरीकच म्हणायची!

तेव्हा वादाचा पहिला निकाल असा: माशाला धान्याचं पांघरूण घालून तळणं ही साहेबाने शिकवलेली गोष्ट नाही. साहेब या देशात यायच्या साडेचारशे-पाचशे वर्षं आधी ती इथे लिहून ठेवलेली आहे.

पण हे पांघरूण लागतंच का? शाळेत असते तर हा प्रश्न मी विज्ञानाच्या बाईंकडे ढकलला असता. थोडक्यात सांगते. पांढऱ्या माशात चरबी कमी, आणि वजनाचा सुमारे पाऊण भाग पाणी. त्याचं मांस बांधून ठेवणारे धागे मटणासारखे चिवट नसतात, थोड्या उष्णतेतच ते विरघळतात. म्हणून उघडा तुकडा तापल्या तव्यावर टाकला की तव्याला चिकटतो, उलटताना मोडतो आणि पाणी सुटून कोरडा पडतो. पीठ लावलं की तापलेल्या तेलाचा मार पिठावर बसतो. साधारण एकशे चाळीस अंशांच्या पुढे पिठाला खरपूस तांबूस रंग येतो, आणि आतला मासा मात्र आपल्याच वाफेत शिजतो. ती वाफ बाहेर पडत असते तोवर तेल आत शिरत नाही. म्हणून तर तेल नीट तापलेलं लागतं. तेल थंड असेल तर वाफेचा जोर नसतो, आणि पीठ तेल पिऊन बसतं.

चिंचेचंही तसंच. माशाचा वास ज्या द्रव्यांमुळे येतो ती क्षाराच्या बाजूची असतात, आंबट लागलं की ती निष्प्रभ होतात. शिवाय आंबटाने तुकडा वरून थोडा घट्ट होतो. सोमेश्वराच्या मुदपाकखान्यात चिंच होती, कोकणात कोकमाचं आगळ, इंग्लंडमध्ये तळलेल्या माशावर व्हिनेगर, हॉटेलात लिंबाची फोड. काम एकच. जिथे जे आंबट पिकलं ते माशाला लागलं.

धान्याचंही तेच झालं. माझं माहेर कागलचं. दूधगंगेतला मासा यायचा: मरळ, वाम, शिंगाळा. आई त्याला ज्वारीचं पीठ लावून तव्यावर टाकायची, कारण घरात डबा भरून ज्वारीचं पीठ असायचं. समुद्राचा मासा आमच्याकडे म्हणजे सुका: सुकट, बोंबील. बाजारच्या दिवशी यायचा. ओला पापलेट मी पहिल्यांदा बघितला तो लग्नानंतर. सासूबाई मालवणकडच्या. त्यांच्या माहेरी तांदळाचं पीठ, कारण शेतात भात. त्या लग्न होऊन कोल्हापुरात आल्या आणि त्यांच्या हातात रवा आला.

रव्याची गंमत बघा. कोकणात गहू पिकत नाही म्हटलं तरी चालेल. तो घाटावरून उतरायचा. मासा, मीठ, नारळ घाट चढून वर यायचे, आणि धान्य, गूळ, मिरची खाली जायची. फोंडा घाट, आंबा घाट, गगनबावड्याची वाट, या सगळ्या वाटांनी आधी बैल चालले, मग मोटारी आल्या. रव्यात घोळवलेली सुरमई आज सगळेजण 'मालवणी' म्हणून खातात. पण तिच्यातला मासा तेवढा कोकणातला, रव्याचा गहू देशावरचा. दोघांची गाठ घाटात पडली. (आमच्या लग्नासारखीच, असं आमचे हे म्हणायचे.)

रवा आवडता व्हायला आणखी एक कारण आहे. तो ओल्या मसाल्याला आपोआप धरतो. त्याला अंडं लागत नाही. पीठ बारीक, म्हणून त्याचा थर सपाट होतो. रव्याचे कण मोठे, म्हणून वरून कुरकुरीत लागतं. ब्रेडच्या चुऱ्याचं मात्र तसं नाही. तो कोरडा, हलका आणि सच्छिद्र. आधीच एकदा भाजलेला असल्यामुळे लाल लवकर होतो, पण माशाला धरून राहायला त्याला अंड्याचा लेप लागतो. आणि मुळात चुऱ्यासाठी पाव लागतो, पावासाठी भट्टी लागते.

आता पावाकडे येऊ. १५१० साली पोर्तुगिजांनी गोवा घेतला, आणि त्यांच्याबरोबर त्यांचा पाव आला. आपला 'पाव' हा शब्दही त्यांचाच. गोव्यात पाव करणाऱ्याला अजून 'पोदेर' म्हणतात, तोही मूळ पोर्तुगीज शब्द. त्या काळी पाव म्हणजे नुसतं खाणं नव्हतं, ती धर्माची गोष्ट होती. विहिरीत पाव टाकला, ते पाणी प्यायल्याने सगळा गाव बाटला, अशा कथा गोव्यात आणि वसईकडे सांगितल्या जातात. कथा खऱ्या किती, खोट्या किती, हा भाग वेगळा. पावाची केवढी भीती होती हे त्यांतून कळतं. आणि आज? कोल्हापूरच्या मिसळीबरोबर ब्रेडचे स्लाइस आले नाहीत तर माणूस मालकाला हाक मारतो!

त्याच पोर्तुगिजांच्या जहाजांतून आणखी एक वस्तू आली: मिरची. मूळची अमेरिका खंडातली. सोमेश्वराच्या माशावर मिरी आहे, मिरची नाही, कारण त्या वेळी या देशात मिरचीच नव्हती. आज संकेश्वरी मिरचीशिवाय आपलं पान हलत नाही, आणि 'कोल्हापुरी' या शब्दाचा अर्थच जगाने 'तिखट' असा करून टाकला आहे. आमच्या दिरांना माझा प्रश्न एवढाच आहे, की एकाच जहाजातून उतरलेल्या दोन पाहुण्यांपैकी मिरचीला आपण घरची लेक मानलं, मग पावाच्या चुऱ्यालाच दारात का उभं करायचं?

जाता जाता पोर्तुगीज जहाजांची आणखी एक गोष्ट. १५४३ साली ते जपानला पोचले आणि १६३९ साली तिथून हाकलले गेले. पण पावाचा शब्द मागे राहिला. जपानी भाषेत पावाला 'पान' म्हणतात. त्यावरून त्यांच्या चुऱ्याला नाव पडलं 'पान्को', 'को' म्हणजे पूड. हल्ली आपल्याकडच्या मोठ्या दुकानांत पान्कोची पाकिटं दिसतात. जपानी वस्तू म्हणून आपण ती कौतुकाने घेतो, पण तिचं नाव आपल्या पावाचं सख्खं भावंडं आहे.

आणि साहेबाचं काय? तळलेला मासा हा साहेबाचा तरी मूळचा कुठे? स्पेन-पोर्तुगालमधल्या ज्यू लोकांत मासा पीठ-अंडं लावून तेलात तळायची रीत होती. शुक्रवारी तळून ठेवायचा आणि शनिवारी, म्हणजे त्यांच्या विसाव्याच्या दिवशी, चूल न पेटवता गार खायचा. १४९२ साली स्पेनने ज्यूंना हाकललं, पाचेक वर्षांत पोर्तुगालमध्येही तीच वेळ आली. ती माणसं जिथे गेली तिथे त्यांचा मासा गेला. १६५६नंतर त्यांना इंग्लंडमध्ये उघडपणे राहता येऊ लागलं. १७४७ साली हॅना ग्लास या बाईने लिहिलेल्या प्रसिद्ध इंग्रजी पाकपुस्तकात माशाची ज्यू पद्धत आलेली आहे. डिकन्सच्या 'ऑलिव्हर ट्विस्ट'मध्ये लंडनच्या गल्लीतल्या तळलेल्या माशाच्या दुकानाचा उल्लेख आहे. पुढे त्याला बटाट्याची जोड मिळाली आणि तो इंग्रजांचा राष्ट्रीय पदार्थ झाला. १९५५ साली बर्ड्‌स आय कंपनीने ब्रेडचा चुरा लावलेली कॉडची बोटं खोक्यात घालून विकायला काढली, आणि आज माझ्या भाचीच्या मुलांच्या ताटात तीच बोटं असतात. म्हणजे देशोधडीला लागलेल्या लोकांचं जेवण साहेबाने आपलं म्हटलं. त्यात त्याचं काही बिघडलं नाही.

तेव्हा पांघरुणाची काळजी मला वाटत नाही. ते नऊशे वर्षं बदलत आलं आहे, पुढेही बदलेल. मला काळजी वाटते ती पांघरुणाखालच्या माशाची.

आईच्या तव्यावरची मरळ, वाम आता सहज मिळत नाही. पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या इतक्या वेळा वाचल्या आहेत, की हल्ली बातमी वाचून कुणी चुकचुकतही नाही. कारखान्यांचं पाणी, शहरांचं सांडपाणी, सगळं नदीच्या पोटात. नदीचा म्हणून जो मासा बाजारात येतो त्यात चिलापी पुष्कळ. हा मूळचा आफ्रिकेतला. १९५२ साली भारतात आणला गेला आणि गढूळ, नासलेल्या पाण्यातही तग धरून राहिला. हॉटेलात 'फिश फ्राय' म्हणून पांढरास्वच्छ, काटा नसलेला जो तुकडा येतो तो पुष्कळदा बासा. तो मूळचा मेकाँग नदीचा. व्हिएतनाममधून बर्फात गोठवून येतो, आणि आता आपल्या देशात आंध्रकडेही त्याच जातीची शेती होते. बासाला नावं ठेवायची नाहीत, स्वस्त आहे, म्हाताऱ्यांना काट्यांची भीती नाही. पण चव बेताची, म्हणून त्याच्यावर पांघरूण जाड घालावं लागतं. पूर्वी पीठ मासा जपायला लावायचे, आता चव झाकायला लावतात. मला विचाराल तर नऊशे वर्षांत खरा फरक पडला तो इथे. रवा की ब्रेड हा वाद आपण हौसेने घालतो, पण दूधगंगेची वाम गेली त्यावर आमच्या ग्रुपमध्ये एक ओळ आली नाही.

आणि दुसरी काळजी लिहिण्याची. सोमेश्वर राजा होता, म्हणून त्याची कृती राहिली. त्याने काही स्वतः मासा तळला नसणार. ज्यांनी पीठ दळलं, चिंच कोळली, तेलाचा चटका सोसला, त्यांची नावं त्या शंभर अध्यायांत नाहीत. त्याच ग्रंथात कांडण करणाऱ्या बायका ओवी गाताना दिसतात, त्याही बिननावाच्याच. मी वर्गात ओवीचा तो दाखला कितीदा दिला असेल! पण त्या बाया कांडत काय होत्या, आणि कांडलेलं पुढे कुणाच्या ताटात जात होतं, ते आता एका पुस्तकात दोन्ही उल्लेख शेजारी ठेवून बघताना मनात येतं. माझ्या सासूबाईंनी पन्नास वर्षं मासे केले, पण कागदावर एक अक्षर नाही. त्यांचं प्रमाण म्हणजे 'अंदाजानं'. त्या गेल्या, आणि त्यांचा अंदाज फक्त माझ्या हातात उरला आहे. माझे हातही आता कापू लागले आहेत. म्हणून ग्रुपवरच्या सगळ्यांसाठी लिहून ठेवते.

अर्धा किलो सुरमई, पापलेट किंवा मुडदुशी. तुकडे अर्ध्या बोटाच्या जाडीचे. धुऊन निथळायचे, ओले ठेवायचे नाहीत. मीठ, अर्धा चमचा हळद आणि दोन चमचे आगळ लावून पंधरा मिनिटं ठेवायचे. आगळ नसेल तर सुपारीएवढ्या चिंचेचा घट्ट कोळ. सुटलेलं पाणी टाकून द्यायचं. मग एक चमचा आलं-लसणाचं वाटण आणि दोन चमचे लाल तिखट चोळायचं. ताटात अर्धी वाटी बारीक रवा आणि दोन चमचे तांदळाचं पीठ एकत्र करायचं, त्यात तुकडे दाबून घोळवायचे आणि पाच मिनिटं तसेच ठेवायचे, म्हणजे रवा ओल धरतो आणि तव्यात गळत नाही. लोखंडी तव्यावर सढळ तेल. रव्याचा एक कण टाकून बघायचा, लगेच चुरचुरला की तुकडे सोडायचे. मध्यम आच, एका बाजूला चारेक मिनिटं. मासा स्वतः तवा सोडतो, तोवर उलथनं लावायचं नाही. "त्याला घाई नाही, तुलाच आहे," असं सासूबाई म्हणायच्या.

भाचीसाठी वेगळं सांगते. कॉडचा तुकडा जाड असतो, तर वेळ थोडा जास्त दे. फडक्याने नीट टिपून घे. आगळ आणि मसाला तसाच. मग आधी तांदळाच्या पिठाचा हलका हात, मग अंडं, मग ब्रेडचा चुरा. चुरा लवकर करपतो म्हणून आच जरा कमी. ब्रेडमध्ये मीठ असतं, ते धरून मीठ बेताने घाल. मुलांनी विचारलं हा मासा कुठला, तर सांग: तुमच्या पणजीच्या माहेरचा आंबटपणा, पोर्तुगिजांची मिरची आणि पाव, तुमच्या गावच्या समुद्राचा मासा, आणि कृती नऊशे वर्षं जुनी, बसवकल्याणची.

धाकट्या जाऊबाईंनी त्यांच्या माहेरच्या तांदळाच्या पिठाचं प्रमाण मला अजून दिलेलं नाही. त्यांनी ते लिहून पाठवावं. दिरांनीही त्यांच्या आईचा रवा किती जाड असायचा ते आठवून कळवावं. आणि तुमच्या घरी माशाला काय लावतात, ते तुम्हीही कुठेतरी लिहून ठेवा. खाली करणारीचं नाव घाला.